कशेळीचा डेपो आणि आमचीं मुलें

सन १८५३ च्या १६ एप्रिलास बोरीबंदराहून ठाण्यास आगगाडी आली, पुढच्या सालीं १ मे रोजीं ती कल्याणास पोंचली, आणि आमची भिवंडी बाजूलाच राहिली. पुढें दिवा-वसई मार्गावर ‘भिवंडी रोड’ नांवाचें स्टेशन मिळालें. त्यांतला ‘रोड’ शब्दच सांगतो कीं गांव अजून लांब आहे! ठाणें-भिवंडी-कल्याण या २४.९ किलोमीटरांच्या मेट्रोची पायाभरणी १८ डिसेंबर २०१८ रोजीं कल्याणास झाली. तिचा डेपो आधीं कोनच्या बाजूस व्हावयाचा होता, तो कशेळीस ठरला. जागा सुमारें २७ हेक्टर.

डेपो म्हणजे गाड्यांचा गोठा, अशी कित्येक बांधवांची समजूत आहे. रात्रीं गाड्या तेथें मुक्कामास येतात हें खरें. पण तेथेंच त्या धुतात, झिजलेलीं चाकें कातून पुन्हां गोल करतात, ब्रेक, दारें, विजेचीं यंत्रें तपासतात. मुंबईंत ३ फेब्रुवारी १९२५ पासून व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला विजेची गाडी धांवूं लागली, तेव्हां कुर्ल्याच्या कारशेडास फिटर नि वायरमन लागलेच कीं नाहीं? जमीन एकदांच जाते. काम डेपो चालेल तोंवर राहतें.

तें काम कोणाचें? कशेळी, काल्हेर, पूर्णा या पट्ट्यांत भातशेतें गेलीं, गोदामें आलीं. जमीनवाल्यांस भाडें मिळालें, भूमिहीनांच्या पोरांस पाठीवरचीं खोकीं. आम्ही शिकविलेला मुलगा दहावी होतो आणि गोदामाच्या फाटकावर पहारा करतो, हें आम्हीं किती पाहावें?

जानेवारी १९८४ मध्यें उरण तालुक्यांत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं लढतांना पांच शेतकरी गोळीबारांत पडले, तेव्हां कुठें साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क पदरांत आला. मोबदला कसून घ्यावाच. परंतु तो लग्नांत नि मोटारींत कसा विरतो, हेंही सर्वांस ठाऊक आहे. आगरी-कुणबी बांधवांनीं राग मानूं नये.

म्हणून आमचें म्हणणें असें: डेपोच्या गांवांतील मुलामुलींस, आणि ज्यांच्या नांवावर सातबारा नाहीं त्यांच्याही, तेथें शिकाऊ उमेदवारीच्या ठराविक जागा लेखी मिळाव्यात. १९६१ चा शिकाऊ उमेदवारांचा कायदा हाताशीं आहे. फिटरचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा. गाडी आल्यावर मागणी केली तर त्या जागीं परगांवचे लोक बसलेले असतील. कशेळीकरांनीं येत्या ग्रामसभेंत ठराव घालावा. मसुदा लिहून देण्यास आम्ही तयार आहों.