चाळीस गुंठ्यांचा एकर संगणकाच्या रकान्यात

बेळगाव आणि निपाणी भागातल्या जमिनीचा उतारा एकर, गुंठे, आणे या मापांत निघतो. सीमेपलीकडे चंदगडला सात-बारावर हेक्टर, आर आणि चौरस मीटर असतात. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत चंदगड बेळगाव जिल्ह्यातच होते. दोन्ही बाजूंना जमीन असलेल्या शेतकऱ्याची नोंद एका यादीत आणायची, तर ही दोन्ही मापे एका डेटाबेसमध्ये नांदवावी लागतात.

जुन्या मुंबई इलाख्याच्या मोजणीची साखळी ३३ फुटांची होती. तिच्या चौरसाचा, म्हणजे १,०८९ चौरस फुटांचा, एक गुंठा. सोळा आण्यांचा गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. बांधावर उभे राहून शेतकरी हा हिशेब तोंडी करतो. चुकते ते रकान्यात भरताना.

ऊसनोंदीच्या किंवा सोसायटीच्या कर्जाच्या यादीत २ एकर २० गुंठे हे ‘२.२०’ असे टाकले जाते. जाणणारा ते अडीच एकर असे वाचतो. संगणक मात्र दोन एकर आणि एकाचा पाचवा भाग असे धरतो. शिवाय दशांश रकाना कित्येकदा शेवटचे शून्य गाळतो आणि ‘२.२’ उरते. हे वीस गुंठे की दोन, हे मग कोणालाच सांगता येत नाही. बेरजेत तर घोळ वाढतो. एक एकर २५ गुंठ्यांचे दोन तुकडे मिळून ३ एकर १० गुंठे व्हायला हवेत; यादी २.५० दाखवते. पन्नास गुंठे दिसले म्हणून ही चूक निदान पकडता येते. १.३० आणि १.३५ यांची बेरीज २.६५ येते, तीही डोळ्यांत भरते. पण तीन-चार तुकड्यांची बेरीज ४.१२ आली, तर कोणाला शंकाही येत नाही. उलट १.१० आणि १.१५ यांची बेरीज २.२५ येते आणि ती बरोबरच असते. काही ओळी बरोबर निघतात, म्हणूनच ही पद्धत वर्षानुवर्षे तशीच चालते. ती बंद व्हायला हवी.

उपाय अवघड नाही. एकर, गुंठे, आणे यांचे तीन वेगळे पूर्णांकी रकाने ठेवावेत. गुंठे ३९ च्या आणि आणे १५ च्या वर गेले, तर नोंद स्वीकारूच नये. त्याहून चांगले म्हणजे सगळे क्षेत्र आण्यांत साठवावे. एकराचे ६४० आणे, म्हणून २ एकर २० गुंठ्यांचे १,६०० आणे. बेरीज-वजाबाकी नेहमीसारखी होते, फोड फक्त दाखवताना करायची. हेक्टर-आरला ही अडचण नाही, कारण तिथे प्रत्येक पायरी शंभराची आहे.

सगळे चौरस मीटरमध्ये बदलून मूळ आकडा पुसून टाकण्याचा मोह मात्र टाळलाच पाहिजे. १९५९ पासून यार्ड ०.९१४४ मीटरचा ठरला आहे, त्यामुळे गुंठा म्हणजे नेमके १०१.१७१४१०५६ चौरस मीटर. एकराचे चार भावांत वाटप झाले, तर प्रत्येकाचे दहा गुंठे पूर्णांकात १,०१२ चौरस मीटर होतात. चौघांचे मिळून ४,०४८; पण एकर ४,०४७ चा. एक चौरस मीटर कुठून आला, हे उताऱ्यावरून समजत नाही.

‘गुंठा म्हणजे आर’ हा व्यवहारातला ठोकताळा त्याहून महाग पडतो. एका एकरामागे त्यात सुमारे ४७ चौरस मीटर जातात, म्हणजे ५०० चौरस फुटांहून जास्त. बेळगाव शहरात तेवढ्यात लहान घर उभे राहते. अल्पभूधारकाची मर्यादा दोन हेक्टर. बोलताना आपण तिला पाच एकर म्हणतो. प्रत्यक्षात दोन हेक्टर म्हणजे ४ एकर ३७ गुंठे आणि सुमारे ११ आणे. पुरे पाच एकर असलेला शेतकरी नेमक्या गुणकाने २.०२ हेक्टरचा ठरून मर्यादेबाहेर जातो, ठोकताळ्याने आत येतो.

म्हणून प्रत्येक नोंदीसोबत तीन गोष्टी असाव्यात: उताऱ्यावरचे मूळ माप जसेच्या तसे, ते कोणत्या एककात आहे त्याची खूण, आणि रूपांतराला वापरलेला गुणक. मेट्रिक आकडा मूळ मापावरून हवा तेव्हा काढावा. कर्नाटकाच्या उताऱ्यात एकूण क्षेत्रातून खराब (लागवडीस अयोग्य) क्षेत्र वजा करून उरलेले क्षेत्रही दिलेले असते. ती वजाबाकी आण्यांत जुळते का, हे नोंद करतानाच तपासून घ्यावे.