वामनदादांची चाल

घोटीहून सिन्नरच्या रस्त्याला लागले की काही मैलांतच भातखाचरे विरळ होत जातात आणि पाऊस मागे राहतो. याच कोरड्या सिन्नर तालुक्यातल्या देशवंडी गावी १५ ऑगस्ट १९२२ रोजी वामनदादा कर्डक यांचा जन्म झाला. दरवर्षी १४ एप्रिलला घोटीच्या पेठेत दिवसभर कर्णे वाजतात आणि त्यांतून येणाऱ्या गाण्यांपैकी बरीच त्यांची असतात. तरीही मराठी विषय घेऊन पदवीला बसलेल्या मुलांना हे गाणे कोणाचे, असे विचारले तर ती गायकाचे नाव सांगतात. खरे तर शेवटच्या कडव्यात कवीने स्वतःचे नाव गुंफलेले असते. ‘तुका म्हणे’ ऐकताच आपले कान टवकारतात. ‘वामन’ मात्र आपल्याला ऐकू येत नाही. हा दोष त्या मुलांपेक्षा आपण शिकवणाऱ्यांचाच अधिक आहे.

वामनदादांच्या आयुष्याची कथा अनेकांनी सांगितली आहे. शाळा नाही. पुढे मुंबई, गिरणीत काम, कोळशाच्या वखारीत काम, चिक्की विकणे. शिवडीच्या बीडीडी चाळीत कोणी तरी पत्र वाचायला हाती दिले आणि ते वाचता येईना, म्हणून या तरुणाला रडू कोसळले. मग देहलवी मास्तरांनी बाराखडी गिरवून घेतली. जोडाक्षरे दुकानांवरच्या पाट्या वाचत वाचत जुळली, असे सांगतात. हा प्रसंग आपण नेहमी जिद्दीचा धडा म्हणून सांगतो. मला त्यात दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. अक्षर भेटण्याच्या कितीतरी आधी या माणसाच्या कानात लय मुरलेली होती. नाशिक जिल्ह्याला तमाशाची आणि जलशाची परंपरा होती. भीमराव कर्डकांनी (आडनाव एकच, माणूस वेगळा) आंबेडकरी जलसा याच भागातून उभा करून गावोगाव नेला होता. ज्याची भाषा अशा वातावरणात घडली, त्याने पहिले गीत रचले तेव्हा कोरा कागद समोर ठेवला नाही. आधी चाल घेतली. १९४३ सालचे ते पहिले गीत एका हिंदी चित्रपटगीताच्या चालीवर होते.

इथेच समीक्षेचे घोडे अडते. ‘उसनी चाल’ हा आक्षेप मी चर्चासत्रांतून इतक्यांदा ऐकला आहे की तो घेणाऱ्यांची स्मरणशक्ती तपासावीशी वाटते. खाडिलकरांच्या ‘स्वयंवर’ची (१९१६) पदे भास्करबुवा बखल्यांनी दिलेल्या चालींवर उभी आहेत आणि त्यांतल्या कित्येक चालींच्या मुळाशी जुन्या बंदिशी आहेत. त्या पदांना कोणी उसनी म्हणत नाही. तिथे आपण परंपरेचा आविष्कार पाहतो. अमेरिकेत वुडी गथ्रीने आपले सर्वांत प्रसिद्ध गीत कार्टर कुटुंबाच्या चालीच्या आधारे रचले, त्याचेही आपल्याला कौतुकच. मग चित्रपटाच्या चालीवर आंबेडकरांचा विचार बसवला की तीच कृती हिणकस कशी ठरते? ज्या श्रोत्याला छापील पत्रक वाचता येत नव्हते, त्याला चाल आधीच पाठ होती. शब्द तेवढे नवे. एका रात्रीत गाणे वस्तीभर होई, कोरस धरायला तालमीची गरज पडत नसे. चालीची निवड हा वामनदादांच्या रचनेचाच भाग होता.

याचा अर्थ त्यांचे सगळेच उत्तम, असे नाही. कार्यक्रमाच्या घाईत रचलेली, प्रसंगापुरती गाणी त्यांच्याकडे पुष्कळ आहेत आणि काही कागदावर अगदीच पातळ वाटतात. पण ‘कागदावर’ हाच तर प्रश्न आहे. त्यांचा ‘वाटचाल’ हा संग्रह १९७३चा, ‘मोहोळ’ १९७६चा. पहिल्या गीतानंतर तीस वर्षे हा कवी संग्रहाविना होता आणि तरीही महाराष्ट्रभर होता. एस.टी., रेल्वे, बैलगाडी, पायी. एका गावचा कार्यक्रम आटोपला की दुसरे गाव. त्या फिरण्यातच त्यांची आवृत्ती निघत होती. एखादे कडवे इथे गळे, तिथे वाढे. आपण मात्र छापील पाठ प्रमाण मानून अलंकार मोजत बसतो.

ध्वनिमुद्रणाने या कथेला विचित्र वळण दिले. कॅसेट स्वस्त झाली आणि प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांच्यासारख्यांच्या आवाजांनी भीमगीते घराघरांत पोचली. तो आवाज मोठा होता, यात शंका नाही. पण वेष्टनावर गायकाचे छायाचित्र ठळक आणि गीतकार बारीक टाइपात. वामनदादांचे शब्द राहिले, स्वतःचा आवाज त्या मानाने फारच थोडा पोचला. १५ मे २००४ रोजी ते गेले, आणि पुढच्याच महिन्यात प्रल्हाद शिंदेही. मोबाईलच्या काळात तर वेष्टनही उरले नाही. गाणे कोणाचे, हे सांगणारी जागा आता फक्त शेवटचे कडवे.

गेल्या वर्षी वर्गात मी एका मुलाला पाठ असलेले एक गाणे म्हणायला सांगितले. त्याने आधी बाकावर ठेका धरला, मग सुरुवात केली. मागच्या बाकांवरून आपोआप साथ आली. शेवटच्या कडव्याशी तो थबकला आणि म्हणाला, “सर, यात नाव येतं. ते म्हणू का, की सोडू? डीजेवर ते बहुतेक वेळा कापतात.”