एका मताचे मोल

निवडणूक आली की पेडणे-डिचोलीच्या चव्हाट्यावर एक वाक्य हमखास कानी पडते: "माझ्या एका मताने काय होणार?" प्रश्न गणिताचा आहे. त्याचे उत्तरही गणितानेच द्यावे.

निकाल लागल्यावर मागे वळून हिशेब मांडणे व्यर्थ होय. शेतकरी पाऊस किती पडला हे पाहून पेरत नाही. संभव पाहून पेरतो. मताचेही तसेच. संभवाला लाभाने गुणावे, म्हणजे मोल निघते.

समजा, मतदारसंघात चुरस आहे आणि मतांचा फरक कोणत्याही बाजूला दोन हजारांच्या आत कोठेही पडू शकतो. मग आपलेच मत निर्णायक ठरण्याचा संभव सुमारे ४,००० त १. योग्य उमेदवारामुळे पाच वर्षांत माणशी १०० रुपयांचे हित होईल असे धरा. केवळ स्वतःपुरते पाहिले तर मताचे मोल अडीच पैसे! पण हित ३०,००० माणसांचे आहे. म्हणजे ३० लाख. त्याला ४,००० ने भागा: ७५० रुपये. पाचशेच्या नोटेला मत विकणारा गावाचे किती नुकसान करतो ते पाहा.

ही चुरस काल्पनिक नव्हे. २०२२ साली साखळीत मुख्यमंत्री प्रमोद सावंत ६६६ मतांनी निवडून आले. डिचोलीत फरक ३१८ मतांचा होता.

आता १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल आठवा. विलिनीकरणाच्या 'फुला'ला १,३८,१७० मते, 'दोन पानां'ना १,७२,१९१. फरक ३४,०२१. त्या दिवशी ७०,७९९ मतदार केंद्रावर गेलेच नाहीत. ते सारे फुलाचेच होते असे म्हणणे खोटेपणाचे ठरेल. निकाल फिरायला त्यांतील चौघांपैकी सुमारे तिघांनी फुलावर शिक्का मारावा लागला असता. परंतु येथे लाभ पाच वर्षांचा नव्हता, पिढ्यांचा होता. लाभ एवढा मोठा असला की बारीक संभवही जड होतो. घरी बसलेल्यांनी हा गुणाकार केलाच नाही.

१९८७ च्या कायद्याने राजभाषेचा मान कोकणीला दिला. मराठीच्या वाट्याला केवळ सरकारी कामकाजातील वापर आला. तो कायदा विधानसभेने केला, बदलायचा तर विधानसभेनेच. आणि विधानसभा घडते ती अशाच तीनशे-सहाशे मतांच्या फरकाने.

तेव्हा मराठीप्रेमी बंधुभगिनींनो, सभेत टाळ्या वाजवणे पुरे. मतदानाच्या दिवशी आधी रांगेत उभे राहा. मग शेताकडे वळा.