परके माणूस

दिवाळी अंकात दुःखाची गोष्ट कशाला, असे तुम्ही म्हणाल. चकलीचा तुकडा मोडता मोडता वाचायचे हे पान. येथे चार हसण्याखिदळण्याच्या गोष्टी असाव्यात, हे रास्तच आहे. पण तुमच्या-आमच्या ओळखीत यंदा एक तरी घर असे असेल, की जेथे कढई चढलेली नाही. वर्षाच्या आत माणूस गेले म्हणून त्या घरी फराळ शिजत नाही. शेजारच्या आणि नात्यातल्या बायका ताटे झाकून नेऊन देतात. अशाच एका घराविषयी मला आज सांगायचे आहे. घर गडबचे. पेणहून नागोठण्याकडे निघाले, की वडखळच्या पुढे मुंबई-गोवा रस्त्यालगत हे गाव लागते. ते माझे माहेर. जिची ही हकीकत आहे त्या वहिनीला विचारूनच लिहिते आहे. ती म्हणाली, "नाव नको लिहू. गाव लिहिलंस तरी चालेल. गडबला वहिन्या काय थोड्या आहेत?"

माझा चुलतभाऊ, आम्ही त्याला दादा म्हणत असू, तीन वर्षे अर्धांगवायूने अंथरुणाला खिळून होता. उजवी बाजू गेली, वाचा गेली. वहिनी पेणच्या पापडवाल्यांकडचे पीठ घरी आणून पापड लाटी आणि लाटता लाटता उठून त्याचे सारे करी. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून रात्री दर दोन तासांनी त्याची कूस बदलायची. हे तीन वर्षे. गेल्या मार्गशीर्षात दादा गेला.

गावाने काही कमी केले नाही. तेरा दिवस ओटा रिकामा म्हणून नव्हता. कुणी तांदूळ आणले, कुणी रात्रीच्या सोबतीला राहिले, दहाव्याला अर्धे गाव नदीवर. मी ठाण्याला ब्लॉकमध्ये राहते. आमच्याकडे जिन्यात भेटलेला शेजारी "कळलं हो, वाईट झालं" म्हणतो आणि तेवढ्यात लिफ्ट येते. त्यामुळे गडबचे ते सांत्वन पाहून मला माहेरचा अभिमानच वाटला होता.

आषाढात पुन्हा गेले तेव्हा वहिनी निम्मी झाली होती. अजूनही दर दोन तासांनी ती जागी होत असे आणि उठून रिकाम्या खाटेची चादर सारखी करीत असे. जेवण नाही. कुणी म्हणे मुलांकडे बघ, कुणी म्हणे सुटला बिचारा. "सुटला" हा शब्द कुणी काढला, की ती उठून आत जाई. रात्री मी तिला जवळ घेऊन विचारले, मनात काय आहे ते बोल ना. ती पुष्कळ वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तुला नाही सांगता यायचं. तू त्याची बहीण."

मी त्यावर फार विचार केला. सासू त्याची आई, नणंद त्याची बहीण, शेजारीण नात्याने चुलतजाऊ. गावात जिकडेतिकडे आपलेच माणूस, आणि म्हणूनच जे बोलायचे ते कुणापाशीही बोलता येत नाही. तिला परके माणूस हवे होते. पण ऐकणारे आणि ऐकण्याचे शिक्षण घेतलेले.

आता असे माणूस गडबला कोठून आणायचे? अलिबागला किंवा पनवेलला डॉक्टर आहेत, पण एसटीत चार ओळखीचे भेटणार आणि "कुठे निघालीस गो?" हा प्रश्न येणारच. तेव्हा फोनवरून, पडद्यावरून बोलणारे कुणी शोधावे असे ठरले. २०२० साली कोरोनाच्या टाळेबंदीत अंत्यविधीला वीसच माणसांची परवानगी होती; कितीकांना आपल्या माणसाला खांदासुद्धा देता आला नाही. दवाखाने बंद असल्याने त्या काळात समुपदेशकही फोनवर आणि व्हिडिओवर आले, आणि ती सोय मागाहूनही राहिली.

माझ्या मुलाने पहिल्यांदा मोबाइलवर एक ॲप काढून दिले. नाव सांगत नाही. पहिली बैठक फुकट होती. पाच प्रश्नांना टिचक्या मारल्यावर एक तरुण पडद्यावर आला; बोलणे निम्मे इंग्रजी, निम्मे हिंदी. त्याने वहिनीला सांगितले, की दुःखाच्या पाच पायऱ्या असतात आणि आपण चौथीवर आहात. वहिनीने फोन माझ्याकडे दिला आणि पापड उलटायला निघून गेली. बिचाऱ्याचा हेतू वाईट नसेल. पण त्या पाच पायऱ्या ज्या एलिझाबेथ कुब्लर-रॉसबाईंच्या १९६९ च्या पुस्तकाने प्रसिद्ध केल्या, ते पुस्तक मुळात मरणाच्या दारी असलेल्या रोग्यांच्या मनाविषयी होते. मागे राहिलेल्यांना तो जिना मागून जोडला गेला. दुःखाला कसला आला आहे जिना? ते भरती-ओहोटीसारखे, खारभूमीत राहणाऱ्या बाईला हे वेगळे शिकवायला नको.

मग आम्ही नीट चौकशी केली. जे कळले ते येथे लिहून ठेवते. कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे सरकारचा टेलि-मानस. १४४१६ हा क्रमांक फिरवायचा. पैसे पडत नाहीत, दिवसरात्र चालतो आणि मराठीतून बोलता येते. १० ऑक्टोबर २०२२ पासून तो सुरू आहे. रात्री दोनला जीव घाबरा झाला, नको ते विचार मनात येऊ लागले, तर उजाडायची वाट न पाहता तो फिरवावा. मात्र आठवड्यामागून आठवडे एकाच माणसापाशी मन उलगडायचे असेल, तर नेमलेली व्यक्ती हवी. देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेची 'आय-कॉल' ही फोनवरील सेवा २०१२ पासून आहे; ठाण्याला डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली उभी केलेली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ आहे. अशा ठिकाणी विचारले, म्हणजे निदान दिशा कळते.

आणि पाट्यांकडे डोळसपणे पाहावे. 'समुपदेशक' ही पाटी चार दिवसांचा वर्ग करून लावणारेही भेटतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते. त्यासाठी १९९२ चा कायदा आहे. नोंदणीक्रमांक मागावा. मागताना आपण भिडस्तपणा करतो. वाण्याकडे डाळ घेताना चार दाणे दाताखाली धरून पाहणाऱ्या आपण बायका, येथे मात्र गप्प! औषध लिहून देणारा मानसोपचारतज्ज्ञ निराळा, तो एम.बी.बी.एस. झालेला डॉक्टर असतो. शिक्षण काय, मृत्यूच्या दुःखातल्या माणसांबरोबर पूर्वी काम केले आहे काय, बैठकीचे किती, मध्येच फोन तुटला तर काय, हे सारे पहिल्याच दिवशी विचारावे. मुंबई-पुण्याकडे एका बैठकीला हजार-दोन हजार रुपये सहज पडतात. पण मिळकत कमी असेल तर पुष्कळ जण फी उतरवतात. तेही विचारावे लागते, आपण होऊन कुणी सांगत नाही. गुप्ततेचेही बोलून घ्यावे. रुग्णाची माहिती गुप्त राखण्याचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने दिला आहे. मात्र जिवाला धोका असल्यास चांगला समुपदेशक गप्प बसत नाही, आणि तसे तो आधीच सांगतो. "पाच बैठकांत दुःख घालवतो" असे कुणी म्हणाले, तर त्याला नमस्कार करावा.

शोकात असलेल्या प्रत्येकाला असे माणूस लागते असे मात्र नव्हे. बहुतेकांना आपली माणसे आणि आपला वेळ पुरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या यादीत लांबलेल्या शोकाची नोंद आहे. ती यादी २०२२ पासून लागू झाली. सहा महिन्यांहून अधिक काळ, आणि त्या समाजाच्या रीतीला धरून असते त्याहून फार जास्त, तीव्र दुःख राहून रोजचे जगणे अडले, तर ते लांबलेले समजतात. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांनी मोठ्या माणसांसाठी एक वर्षाची मुदत धरली आहे. आमच्या वाडवडिलांनी वर्षश्राद्ध घातले ते काही उगीच नव्हे, असे मला वाटून गेले. असो.

शेवटी एक मराठी बाई मिळाल्या. पनवेलच्या पलीकडे कधी आल्या नसतील, पण बोलणे सरळ. मंगळवारी दुपारी चारची वेळ ठरली. घरात फोनची रेघ येई-जाई, म्हणून वहिनी गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांपाशी बसून बोले. तिसऱ्या मंगळवारी तिने त्या बाईंना सांगितले. मला सांगितले ते फार मागाहून.

दादाचा श्वास थांबला त्या पहाटे तिच्या मनात पहिला विचार आला तो हा, की आज रात्री झोप मिळेल. एवढेच. त्या एका विचारासाठी ती सात महिने स्वतःला शिक्षा करीत होती. सुटला तो नव्हे, सुटले मी, आणि हे त्याच्या आईसमोर कोणत्या तोंडाने बोलू?

मी असते तर म्हटले असते, "वेडी कुठली! तू किती केलंस त्याचं!" आणि ती पुन्हा गप्प झाली असती. त्या बाईंनी एवढेच विचारले, "तीन वर्षांत सलग किती तास झोपला होतात?" वहिनी बोटे मोजत बसली. मोजता येईना. मग ती रडली. दादा गेल्यापासून पहिल्यांदा पोटभर.

पुढे त्यांनी तिला दादाला पत्र लिहायला सांगितले. हा काही त्यांचा एकटीचा शोध नव्हे. झुरिचच्या संशोधकांनी २००६ साली शोकग्रस्तांना इंटरनेटवरून पाच आठवडे लेखन करायला लावून त्याचा गुण येतो असे दाखविले होते. वहिनी सातवी शिकलेली. औषधांच्या बिलांच्या पाठकोऱ्या बाजू तिने जपून ठेवल्या होत्या, त्यांवर लिहिले. काय लिहिले ते मी विचारले नाही.

पण गाव ते गाव. विधवा बाई दर मंगळवारी गच्चीवर जाऊन तासभर कुणाशी बोलते? दोन महिन्यांत कुजबुज सुरू झाली. एकीने तर नळावर उघडच विचारले. वहिनीने मला फोन केला, "बंद करते गं. पोरीचं लग्न व्हायचंय." मला उत्तर सुचेना. उत्तर माझ्या काकीने दिले. काकी म्हणजे दादाची आई. वय ऐंशीच्या आसपास, अक्षरओळख नाही. पुढच्या मंगळवारी चारला ती सूप आणि तांदूळ घेऊन गच्चीच्या जिन्यात मधल्या पायरीवर बसली. वर जाऊ पाहणाऱ्या शेजारणीला म्हणाली, "बस इथं. ती माझ्या पोराचं बोलते आहे. माझ्या पोराचं बोलायला तिला मी सांगितलंय." तेव्हापासून दर मंगळवारी काकी जिन्यात बसते. वरचे शब्द तिला ऐकू येतात की नाही, कोण जाणे. कान मंदावले आहेत असे ती म्हणते.

वहिनी आता रात्री बहुधा एकदाच उठते. जेवते. दादाची खाट तिने काढलेली नाही आणि त्या बाईंनीही काढा म्हटलेले नाही. अकरा मंगळवार झाल्यावर त्या आपणहून म्हणाल्या, आता पंधरा दिवसांनी बोलू या.

मध्यंतरी वहिनीचा फोन आला. मधला मंगळवार मोकळा झाल्याचे ऐकून काकीने विचारले होते, ती बाई माझ्याशी बोलेल काय? त्या बाईंना विचारले, तर एकाच घरातल्या दोघींचे मी ऐकणे बरे नव्हे, म्हणून त्यांनी दुसऱ्या एका बाईंचे नाव दिले. त्यांनाही मराठी येते, आणि जरा मोठ्याने बोलतात. काकीची वेळ भाऊबीजेनंतरच्या मंगळवारची ठरली आहे. जिन्यात वहिनी बसणार आहे.