सभ्यतेचा फलक

मंदिरातील वस्त्रसंहितेचे समर्थक एक युक्तिवाद हमखास करतात. क्लबात जाताना तुम्ही बूट-कोट चढवता, बोटीवरच्या औपचारिक भोजनाला टाय लावता, न्यायालयात वकील काळा कोट घालून उभा राहतो. मग देवाच्याच दारात तुमचे स्वातंत्र्य का उफाळून येते? हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. चांगल्या वाचत्या-लिहित्या माणसांनाही तो तसा वाटताना आम्ही पाहिले आहे, म्हणून त्याचा समाचार जरा सविस्तर घेणे भाग आहे.

आधी बोटीचेच पाहू. अलीकडे मराठी मध्यमवर्गही हौसेने क्रूझवर जाऊ लागला आहे आणि बॅगा भरताना सूट घ्यावा की नाही, यावर घरोघरी खल होतो. आमचे मत विचाराल तर घ्यावा. क्युनार्डसारख्या जुन्या कंपनीच्या जहाजावर ठरावीक संध्याकाळी पुरुषांनी डिनर जॅकेट वा गडद सूट घालावा आणि स्त्रियांनी त्याला शोभेसा औपचारिक पोशाख करावा, असा दंडक असतो. तो तिकीट काढण्याआधीच वाचायला मिळतो. ज्याला तो जाचक वाटतो त्याने त्या रात्री बुफेत जाऊन साध्या कपड्यांत जेवावे. तशी सोय ठेवलेली असते. टाय नसलेला प्रवासी उपाशी राहत नाही, त्याला मधल्या बंदरात उतरवूनही देत नाहीत आणि त्याच्या चारित्र्याविषयी तर कोणी चकार शब्द काढत नाही. जुन्या आगबोटींच्या श्रीमंती काळाचे ते एक हौशी नाटक आहे. पैसे मोजून नाटकात उतरल्यावर वेशभूषेला नाक मुरडणारा माणूस आम्हांला क्रांतिकारक वाटत नाही, नुसताच हट्टी वाटतो.

क्लबाचा दाखला मात्र समर्थकांनी जपून द्यावा. १९८८ साली मुंबईच्या विलिंग्डन क्लबाने चित्रकार एम. एफ. हुसेन यांना अनवाणी आले म्हणून प्रवेश नाकारला होता. २०१४ साली चेन्नईतील चेपॉकच्या क्रिकेट क्लबात मद्रास उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींना धोतर नेसल्यामुळे बाहेर थांबवण्यात आले. त्यावर इतका गदारोळ झाला की धोतर वा वेष्टी नेसलेल्यास सार्वजनिक ठिकाणी मज्जाव करता येणार नाही, असा कायदाच तमिळनाडूने त्याच वर्षी केला. भारतीय संस्कृतीच्या रक्षणासाठी ज्या क्लबी शिष्टाचाराचा आधार घेतला जातो, त्याने भारतीय वस्त्राला दारातून परत पाठवले आहे, हे ध्यानात ठेवलेले बरे.

आता शिर्डीकडे वळू. २०२० च्या डिसेंबरात साईबाबा संस्थानाने मंदिर परिसरात फलक लावले. भक्तांनी सभ्य पोशाखात, भारतीय संस्कृतीला अनुसरून यावे, असा त्यांचा आशय होता. वाद पेटल्यावर संस्थानाने खुलासा केला, की हे केवळ आवाहन आहे, सक्ती नाही. भूमाता ब्रिगेडच्या तृप्ती देसाई यांनी फलक काढण्यासाठी शिर्डीत येण्याचे जाहीर केले तेव्हा प्रशासनाने त्यांना काही दिवस शिर्डीत प्रवेशबंदी केली आणि १० डिसेंबरला नगर-पुणे रस्त्यावर सुप्याजवळ पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतले. देसाईंच्या आंदोलनशैलीविषयी ज्याचे त्याचे मत असो. पण पुजारी उघड्या अंगाने वावरतात, त्यांच्यासाठी फलक का नाही, या त्यांच्या प्रश्नाचे सरळ उत्तर आमच्या वाचनात तरी आलेले नाही. ते मिळणेही कठीण, कारण परंपरेच्या नावाने चाललेली ही वस्त्रसंहिता परंपरेच्या विरोधातच जाते.

आपल्याकडे देवळातील वस्त्राचा नियम होता तो सोवळ्याचा. त्याचा संबंध शुचितेशी होता, लज्जेशी नव्हता. वेरूळच्या घृष्णेश्वराच्या गाभाऱ्यात आजही पुरुषाला सदरा आणि बनियन उतरवूनच जावे लागते. तिथे अंग झाकलेला माणूस अपात्र ठरतो. आमच्याच जिल्ह्यातील शनिशिंगणापुरात चौथऱ्यावर जाऊ इच्छिणाऱ्या पुरुषाने स्नान करून, ओलेत्याने, भगवे वस्त्र नेसून जावे असा प्रघात होता. तो नियम कोणाला भावो न भावो, निदान नेमका होता. काय नेसायचे हे ठाऊक होते आणि त्यावरून माणसाच्या शीलाचा निवाडा होत नव्हता. (स्त्रीला मात्र कोणत्याही वस्त्रात तो चौथरा बंदच होता. २०१५ च्या नोव्हेंबरात एक तरुणी वर गेली तर शिळेला अभिषेक घालून शुद्धी करण्यात आली. पुढे उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ८ एप्रिल २०१६ रोजी, गुढीपाडव्याला, तो तिच्यासाठी खुला झाला. त्यानंतर अवघ्या काही वर्षांत, काही कोसांवर, तिच्या कपड्यांची चर्चा सुरू व्हावी हा निव्वळ योगायोग असे मानायला आम्ही तयार नाही.)

‘सभ्य’ हा शब्द असा नेमका नाही, आणि सारी मेख तिथे आहे. जहाजावरच्या नियमात डिनर जॅकेट म्हणजे काय, हे शिंप्यालाही सांगता येते. सभ्य म्हणजे काय, हे कोण सांगणार? फलकाने ते सांगितलेले नाही. म्हणजे ते रांगेच्या तोंडाशी उभा असलेला सुरक्षारक्षक ठरवणार आणि तो कोणाकडे अधिक निरखून पाहणार, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

भारतीय संस्कृतीची कथाही तशीच. आपल्या आज्या-पणज्यांचे सकच्छ नऊवारी लुगडे पोटऱ्या उघड्या ठेवी; शेतात उतरताना तर ते गुडघ्यापर्यंत खोचले जाई. आज सभ्यतेचा मानदंड ठरलेल्या सलवार-कमीजला आपण अजूनही पंजाबी ड्रेस म्हणतो, इतका तो आपल्याकडे उशिरा आला. याच जिल्ह्यातील पाथर्डी-शेवगावकडून ऊसतोडीला जाणाऱ्या बायका लुगड्यावर नवऱ्याचा लांब बाह्यांचा शर्ट चढवतात, कारण उसाचे पाचट अंग कापते. शिर्डी साखर कारखान्यांच्या मुलखात आहे. फडावरून थेट दर्शनाला आलेल्या अशा बाईचा पोशाख भारतीय म्हणायचा की अभारतीय? रामनवमीला मुंबईहून दोनशे-अडीचशे किलोमीटर चालत येणाऱ्या पालख्यांतील तरुणांचे काय? चैत्राच्या उन्हात घाटावरचा डांबरी रस्ता तुडवत ती पोरे अर्ध्या चड्डीत आणि घामट बनियनमध्ये येतात. सभ्यतेचा काटेकोर अर्थ लावला तर सर्वांत कष्टाने आलेला भक्त आधी अडेल आणि वातानुकूलित गाडीतून उतरलेला इस्त्रीचा सदरा आत जाईल.

वस्त्रावरून माणसाची पायरी ठरवण्याचा महाराष्ट्राचा अनुभव काही नवा नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी स्त्रियांशी स्वतंत्रपणे बोलताना लुगडे नेसण्याची पद्धत बदला आणि अस्पृश्यतेची खूण पटवणारे दागिने टाकून द्या, असा उपदेश केला. कोणी कसे नेसावे याचे अलिखित दंडक त्या काळी जातीनुसार होते आणि त्यांना ‘रीत’ असे सोज्ज्वळ नाव होते. आज फलक लावणाऱ्यांचा तसा हेतू आहे असे आम्ही म्हणत नाही. पण वेश पाहून पात्रता ठरवण्याचा अधिकार एकदा दारावरच्या माणसाला दिला, की तो कोणाकोणावर चालवला जाईल, हे फलक रंगवणाऱ्याच्या हातात राहत नाही.

आणि हे सारे शिर्डीत! साईबाबांच्या वेशाचा इतिहास संस्थानाला ठाऊक नसेल असे कसे म्हणावे? दाभोळकरांच्या ‘साईसच्चरिता’त ती कथा आहे. मोहिद्दीन तांबोळ्याशी झालेल्या कुस्तीत हरल्यावर बाबांनी पहिला वेश सोडला आणि पुढे आयुष्यभर कफनी, लंगोट आणि डोक्याला एक फडके एवढ्यावर ते राहिले. बसायला गोणपाटाचा तुकडा. कफनी फाटली तर ठिगळ. परंपरेने सांगितली जाणारी दुसरी हकीकत अधिक बोलकी आहे. ज्या म्हाळसापतींनी त्यांना साई म्हणून प्रथम हाक मारली, त्यांनीच खंडोबाच्या देवळात मात्र त्यांना राहू दिले नाही, कारण वेशावरून तो मुसलमान फकीर दिसत होता. म्हणून तो पडक्या मशिदीत गेला आणि शिर्डीची पुढली सारी कहाणी तिथे घडली. म्हाळसापती सज्जन होते, पुढे बाबांचे निस्सीम भक्त झाले. पण त्या दिवशी दारात उभे राहून त्यांनी वेश पाहिला होता. समाधिमंदिरातील १९५४ सालच्या संगमरवरी मूर्तीला आज भरजरी वस्त्रे चढतात, मुकुट असतो, सिंहासन सोन्याचे आहे. भक्तांच्या प्रेमाला आमची हरकत नाही. मात्र त्या जरीखाली जो ठिगळाचा माणूस आहे, त्याने स्वतः रांगेत उभे राहायचे ठरवले तर फलकाच्या कसोटीला तो कितपत उतरेल, हा प्रश्न आम्ही संस्थानासमोर ठेवतो.

आमच्या बाजूच्या काही मित्रांचे म्हणणे याहून टोकाचे आहे. त्यांच्या मते कोणत्याही ठिकाणी पोशाखाची कोणतीही अपेक्षा ही गुलामगिरीच. हे आम्हांला मान्य नाही. गुरुद्वारात डोके झाकावे लागते आणि आम्ही ते विनातक्रार झाकतो. तिथला नियम एका वाक्याचा आहे, स्त्री-पुरुष दोघांना सारखाच लागू आहे, रुमाल दारातच मिळतो आणि तो बांधायला सांगणारा सेवेकरी तुमच्या गुडघ्यांकडे किंवा खांद्यांकडे पाहत नाही. कोणी म्हणेल, मग शिर्डीतही ओढण्या वाटू. वाटा की! पण ओढणी कोणाला द्यायची हे ठरवायला पुन्हा कोणीतरी त्या बाईकडे नखशिखान्त पाहणारच. अडचण कापडाच्या तुटवड्याची नाही.

सरकारी कार्यालयाचा दाखला तर अगदीच गैरलागू. त्याच डिसेंबरच्या ८ तारखेला राज्य शासनाने कर्मचाऱ्यांसाठी परिपत्रक काढून जीन्स आणि टी-शर्टला मनाई केली. नोकराने पगार देणाऱ्याचे ऐकावे, हे समजू शकते. भक्त संस्थानाचा नोकर नाही. उलट संस्थान त्याच्या दानावर चालते आणि त्याचा कारभार २००४ च्या राज्य कायद्याखाली येतो. ती खासगी वास्तू नाही, की मालकाला आवडेल त्याला आत घ्यावे. जहाजावर दुसरे भोजनगृह असते. समाधी एकच आहे.

राहता राहिला आवाहनाचा मुद्दा. आवाहन नाकारता येते, एवढाच त्याचा आणि आज्ञेचा फरक. तेव्हा ज्यांना फलक पटत नाही, त्यांनी तो वाचून, आपल्या नेहमीच्या कपड्यांत, शांतपणे रांगेत उभे राहावे; घोषणा नको, मोर्चा नको. अडवले गेले तर ‘हे आवाहन आहे ना?’ एवढेच विचारावे. आणि संस्थानाला खरोखर नियमच हवा असेल, तर त्याने ‘सभ्य’ या शब्दाच्या आडोशाने राहू नये. काय चालेल आणि काय चालणार नाही, याची यादी छापावी, व्यवस्थापनाने तीवर सही करावी आणि ती महाद्वारावर लावावी. तुळजापुरात मे २०२३ मध्ये तसे झाले होते. अंगप्रदर्शक, उत्तेजक, अशोभनीय अशी विशेषणे आणि हाफ पँट, बर्मुडा अशी नावे घालून मनाईचा फलक लागला. भवानीच्या दारात महाराष्ट्राने तो वाचला आणि दिवस मावळायच्या आत मंदिर प्रशासनाला तो मागे घ्यावा लागला.