तळीराम हसवतो, सिंधू कुठे आहे?

३१ डिसेंबर आला की मराठी बातम्यांचे मथळे ठरलेले. बार पहाटेपर्यंत सुरू राहणार असतील तर 'तळीरामांसाठी खुशखबर'. ड्राय डे असेल तर 'तळीरामांचे हाल'. दारू महागली तर 'तळीरामांना झटका'. वाचणारा हसतो, फॉरवर्ड करतो आणि विसरतो.

तळीराम कोण, हे तरी आठवते का? राम गणेश गडकरींच्या 'एकच प्याला' नाटकातले हे पात्र. त्याने सुधाकरला पहिला प्याला पाजला आणि सिंधूच्या संसाराची राखरांगोळी झाली. आपल्या पत्रकारितेने त्या नाटकातून तळीराम उचलला, सिंधूला मात्र तिथेच सोडले.

जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाईन विकू देण्याचा निर्णय घेतला. तेव्हा चॅनेलवर वाद कशावर रंगला? वाईन म्हणजे दारू की नाही, यावर! महसूल किती आणि शेतकऱ्याला फायदा किती, याच्या चर्चा झाल्या. फक्त जमेची बाजू. मोडलेली घरे, अपघात, दवाखान्याची बिले, मुलांची सुटलेली शाळा कोणत्या रकान्यात मांडायची?

पवित्र कुरआनने हा हिशोब दोन्ही बाजूंनी मांडला आहे. सूरह बकराच्या २१९ व्या आयतीत दारूचे काही फायदे नाकारलेले नाहीत. पण त्यातले पाप त्या फायद्यांहून मोठे ठरवले आहे. एवढा प्रामाणिकपणा एका बातमीत तरी दिसावा.

आणि 'हल्ली सगळेच पितात' हे तर साफ खोटे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार देशात १५ वर्षांवरील सुमारे १९ टक्के पुरुष आणि १ टक्का स्त्रिया दारू पितात. म्हणजे शंभरातले ऐंशी पुरुष पीत नाहीत. त्यांची बातमी होत नाही.

पण मित्रांनो, बोट फक्त माध्यमांकडे नको. 'आपल्यात हराम आहे' एवढे म्हणून आपण मोकळे होतो. मोहल्ल्यातला एखादा मुलगा पिऊ लागला की घरचे दार लावून घेतात, शेजारी कुजबुजतात, आणि रात्री आपण ग्रुपवर तळीरामाचे मीम टाकतो. मग त्या मथळ्यात आणि आपल्यात फरक काय?

राज्यघटनेचे ४७ वे कलम मादक पेयांवर बंदीसाठी प्रयत्न करायला शासनाला सांगते. म्हणजे हा प्रश्न केवळ मुसलमानांचा नाही. पुढचा 'खुशखबर'वाला मथळा दिसला की संपादकाला दोन ओळी लिहा: तळीराम कळला, सिंधूचे काय झाले तेही छापा. आणि ते मीम तुमच्याकडे आले, तर तिथेच थांबवा.