करारनाम्यातील स्वल्पविराम
पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यात दिवसभर बोलणे चालते ते मराठीत वा हिंदीत. परंतु ज्या कागदावर सही-शिक्का होऊन माल स्वीकारला वा नाकारला जातो, तो कागद, मग ती पर्चेस ऑर्डर असो, रिजेक्शन नोट असो वा सालभराचा करारनामा असो, बहुधा इंग्रजीत असतो. आणि त्याचा मसुदा करणारा कारकून किंवा अभियंता शाळेतून एकच नियम शिकून आलेला असतो, की वाचताना जेथे दम घ्यावासा वाटेल तेथे स्वल्पविराम द्यावा. मुलांकडून धडा मोठ्याने वाचून घेण्यापुरता हा नियम ठीक आहे. व्यवहाराच्या इंग्रजीस तो अपायकारक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुरवठादारास 'द कास्टिंग्ज विच आर क्रॅक्ड विल बी रिटर्न्ड' असे कळविले, तर तडे गेलेले तेवढेच नग परत जातील. परंतु 'कास्टिंग्ज' आणि 'क्रॅक्ड' या शब्दांपुढे एकेक स्वल्पविराम पडला, की सगळेच नग तडकलेले आहेत आणि सगळेच परत जाणार, असा त्याच शब्दांचा अर्थ होतो. मराठीत 'जे नग तडकले ते परत जातील' असे म्हटले म्हणजे जे-ते ही जोडीच हद्द आखून देते. म्हणूनच मोडीतील सनदा आणि महजर विरामचिन्हांवाचून पिढ्यान्‌पिढ्या चालू शकले. पुढे एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी यांच्या खटपटीने ही चिन्हे मराठीत रुळली खरी, परंतु इंग्रजी वाक्यात त्यांच्यावर अर्थाचा जो भार असतो, तो आपल्या अंगवळणी पडला नाही. परिणामी 'की'नंतर स्वल्पविराम देण्याची सवय 'दॅट'नंतरही सुटत नाही, आणि लांबलचक कर्ता संपून क्रियापद येण्यापूर्वी तर तो हटकून पडतो. दोन्ही ठिकाणी तो अशुद्धच.

न्यायालये विरामचिन्हांस सहसा गौण मानतात, हे मान्य. तथापि १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाल्यापासून औषधनिर्मितीशी ज्या पिंपरीचा संबंध आहे, तिने महाराष्ट्रातूनच सर्वोच्च न्यायालयात गेलेले एक अपील अवश्य ध्यानात ठेवावे. १९४० च्या औषध कायद्याच्या कलम २७ मध्ये 'स्टॉक्स ऑर एक्झिबिट्स फॉर सेल' अशी शब्दरचना होती. 'स्टॉक्स'नंतर स्वल्पविराम नाही, सबब 'विक्रीसाठी' ही अट साठविण्यासही लागू आहे आणि नुसता साठा बाळगणे त्या कलमाखाली गुन्हा ठरत नाही, असा निर्वाळा १९७९ च्या निर्णयसंग्रहांत छापलेल्या त्या निकालात मिळतो. जे चिन्ह तेथे नव्हते, त्याच्या अभावाने फौजदारी दायित्वाची मर्यादा ठरली!

तेव्हा येथील तंत्रनिकेतनांत व आयटीआयमध्ये व्हर्निअर कॅलिपर हाती देतात त्याच सुमारास या चिन्हासाठीही काही तास राखावेत, श्वासाचा उल्लेख कटाक्षाने टाळावा, आणि एवढेच विचारावयास शिकवावे, की 'विच'चे उपवाक्य उचलून बाजूला ठेवले असता कोणता माल अभिप्रेत आहे हे तरीही कळते काय? कळत असेल तर त्यास दोन्ही बाजूंनी स्वल्पविरामांत घालावे, नसेल तर मोकळे ठेवावे. चाकणच्या जर्मन कंपन्यांत जाणाऱ्यांस याखेरीज हेही बजावावे लागेल, की जर्मन कागदावर स्वल्पविराम दशांशचिन्हाचे काम करतो. तेथे १,२५० किलो म्हणजे साडेबाराशे नव्हे, सव्वा किलो.